एफ-वन दाबल्यावर काय उघडावं?

एफ-वन दाबलं की मदत उघडते. ती कोणत्या साच्यात बांधायची, हे सॉफ्टवेअर करणाऱ्याने आधी ठरवायचं असतं. १९९० च्या विंडोज ३.० सोबत 'एचएलपी' फाइल आली. पुढे व्हिस्टापासून ती उघडणारा प्रोग्राम सोबत देणंच बंद झालं.

१९९७ ची सीएचएम अजून चालते. वेबपानांचा गठ्ठा दाबून एकाच फाइलीत भरलेला. डावीकडे अनुक्रमणिका, उजवीकडे मजकूर, नेटची गरज नाही. पण ती नेटवरून उतरवली, तर शीर्षकं दिसतात आणि उजवीकडचं पान कोरं! फाइल बिघडलेली नसते. बाहेरून आली म्हणून विंडोज तिला अडवतं. प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर खूण केली की मजकूर येतो. नवख्याला हे कोण सांगणार? शिवाय तिची अनुक्रमणिका युनिकोड जाणत नाही, त्यामुळे मराठी शीर्षकांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. हे मला फार खुपतं.

छापायला पीडीएफ उत्तम, पण मोबाइलवर तिचं पान सरकवता सरकवता जीव मेटाकुटीला येतो. म्हणून मी साध्या एचटीएमएलच्या बाजूची. ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे वळतात, जोडाक्षरं नीट उमटतात, आणि फोल्डर सोबत दिला तर नेट नसतानाही ब्राउझरमध्ये उघडतं.