जर्मनीत शिकणाऱ्या मुलांचे बँक खाते



आपल्या गावांतील मुले-मुली आता शिकायला थेट जर्मनीपर्यंत जाऊ लागली आहेत. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाममात्र असते, म्हणून शेतकऱ्याच्या घरालाही हा बेत झेपेलसा वाटतो. परंतु व्हिसासाठी एक वर्षाचा राहण्या-जेवण्याचा खर्च आधी दाखवावा लागतो. सप्टेंबर 2024 मध्ये हा आकडा 11,904 युरो करण्यात आला. ऊस बिल, ठेव, प्रसंगी घरातले सोने यांतून ही रक्कम उभी राहते. ती पुढे मुलाच्या हाती कशी पडते, हे आईबापांनीही समजून घेतले पाहिजे.

बहुतेक विद्यार्थी ही रक्कम 'श्पेरकोंटो' म्हणजे अडकवलेल्या खात्यात भरतात. हे खाते इथूनच उघडता येते. खाते मुलाच्याच नावावर असते, पण पैसे एकदम काढता येत नाहीत. महिन्याला 992 युरो, बस्स! आणि तेही मुलाच्या तिथल्या चालू खात्यात जमा होतात. म्हणजे चालू खाते उघडेपर्यंत स्वतःचाच पैसा समोर दिसतो, पण हात लावता येत नाही.

चालू खात्याला तिकडे 'गिरोकोंटो' म्हणतात. पासपोर्ट आणि व्हिसा तर लागतोच, शिवाय बँक बहुधा राहत्या पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागते. घर मिळाल्यावर दोन आठवड्यांच्या आत गावच्या नोंदणी कार्यालयात जाऊन नाव नोंदवावे, असा तिथला कायदा आहे. त्यासाठी घरमालकाची सहीची चिठ्ठी लागते. घरमालक भाडे मागतो ते बँकेमार्फत, आणि तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत अनामतही मागू शकतो. आता बोला! एका कागदावाचून दुसरा हलत नाही. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च आणि अनामत अडकवलेल्या रकमेत न धरता वेगळी सोबत द्यावी, हे बरे.

एखाद्या बँकेने परदेशी माणूस म्हणून नकार दिला तर पोराने हताश होऊन घरी फोन करत बसू नये. 2016 पासून तिथे 'बाझिसकोंटो' म्हणजे मूलभूत खात्याचा हक्क आहे. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कोणालाही तो मिळतो, अगदी बेघर माणसालाही. ठरलेल्या नमुन्यात अर्ज दिला की बँकेने दहा कामकाजाच्या दिवसांत खाते द्यायचे, नाहीतर कारणासह लेखी नकार द्यायचा. तोंडी 'नाही' ऐकून परत फिरू नये. या खात्यावर उचल मात्र मिळत नाही.

शहरातून फिरताना 'राइफायझेन' हे नाव बँकेच्या पाटीवर दिसेल. ते आपल्याला परके नाही. फ्रीडरिश राइफायझेन यांनी 1864 साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. त्याच नमुन्याचा अभ्यास होऊन आपल्याकडे 1904 चा सहकारी पतसंस्था कायदा झाला, आणि त्यातून गावोगावच्या सोसायट्या उभ्या राहिल्या.

बारीकसारीक वाटणाऱ्या दोन गोष्टींनी फार हेलपाटे पडतात. पहिली नावाची. मुलाचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव ही आपली पद्धत. तिकडे प्रत्येक कागदावर पासपोर्टप्रमाणेच अक्षरे हवीत. ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांत पैसे पाठवताना खाते क्रमांक व नाव जुळते का, हेही बँक पाहते. दुसरी गोष्ट टपालपेटीची. कार्ड आणि त्याचा गुप्त आकडा वेगवेगळ्या पाकिटांतून येतो. पेटीवर मुलाचे नाव चिकटवलेले नसेल तर पोस्टमन पाकीट परत नेतो. खोली कुणाच्या नावावर आहे, याला तिथे अर्थ नाही.

आणखी एक सांगणे, जरा कडक. "तुझ्या खात्यात पैसे येतील, थोडे ठेव, बाकीचे पुढे पाठव," असे कमिशनचे काम कोणी देऊ केले तर साफ नाही म्हणावे. तो चोरीचा पैसा असतो, आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराच्या दारात येतात. शिक्षणही जाते, व्हिसाही जातो.

आता घरचे. शिकायला गेलेला मुलगाही परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे अनिवासी ठरतो. त्याचे इथले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते अनिवासी साधारण, म्हणजे 'एनआरओ' खाते करून घ्यावे लागते. इथले उत्पन्न त्याच खात्यात जमा करता येते. ज्यांनी शेअर्स मुलाच्या नावावर केले आहेत आणि ऊस बिलही त्याच्याच खात्यावर जाते, त्यांनी हे काम गळीत हंगामापूर्वी उरकावे. खाते क्रमांक बदलला असेल तर कारखान्याच्या अकाउंट्स विभागात लगेच लेखी कळवावे, म्हणजे बिल अडकणार नाही.