बाकीचे कुठेच नाहीत

गेल्या आठवड्यात आघाडीवर असणाऱ्यांचे वाक्प्रचार पाहिले. आज मागे पडणाऱ्यांचे. ते संख्येने जास्त आहेत आणि खरं तर जास्त रंगतदारही.

३ मे १७६९. लंडनजवळच्या एप्समला चार मैलांची घोड्यांची शर्यत होती. त्या काळी तेच घोडे एकाच दिवशी दोन-तीनदा पळवत. एकेका फेरीला 'हीट' म्हणत. पहिली फेरी एक्लिप्स नावाच्या पाच वर्षांच्या घोड्याने आरामात मारली. दुसरीच्या आधी डेनिस ओकेली या आयरिश जुगाऱ्याने पैज लावली, की सगळ्या घोड्यांचा क्रम मी आधीच सांगतो. सांगितला तो असा : एक्लिप्स पहिला, बाकीचे नोव्हेअर, म्हणजे कुठेच नाहीत.

ऐकायला ही निव्वळ बढाई, पण 'नोव्हेअर' हा तिथल्या निकालाचा रोकडा शब्द होता. शेवटच्या खांबाच्या २४० यार्ड अलीकडे आणखी एक खांब असे, 'डिस्टन्स पोस्ट'. विजेता पोहोचला तेव्हा जो घोडा या अलीकडच्या खांबापर्यंतही आलेला नसेल, तो बाद. त्याला क्रमांकच नाही. ओकेली पैज जिंकला, आणि पुढे घोडाही त्यानेच विकत घेतला. एखाद्याला फार मागे टाकणं या अर्थाचं 'आउटडिस्टन्स' हे क्रियापद याच मैदानावरचं.

'ऑल्सो-रॅन' त्यापेक्षा सौम्य. वर्तमानपत्रात पहिल्या तीन घोड्यांचा तपशील छापून उरलेल्यांची नावं 'ऑल्सो रॅन', म्हणजे 'हेही धावले', अशा एका ओळीत उरकत. त्या ओळीत चौथा असतो आणि शेवटचाही. म्हणून शेवटून पहिल्या आलेल्यालाच हे विशेषण चिकटवणं चूक. ज्याची दखल घ्यायचं कारण उरलं नाही, तो ऑल्सो-रॅन. आपल्या निवडणुकीत याची चोख सोय आहे : वैध मतांचा एक षष्ठांश हिस्साही न मिळवणाऱ्याचं डिपॉझिट जप्त होतं. तो आपला डिस्टन्स पोस्ट समजा. डिपॉझिट वाचवून पडलेला उमेदवार ऑल्सो-रॅन, आणि गमावलेला सरळ नोव्हेअर.

'नॉट अप टू स्क्रॅच' मात्र घोड्यांचा नव्हे, मुष्टियोद्ध्यांचा. १८३८ च्या लंडनच्या नियमांनुसार खाली पडलेल्या गड्याला ३० सेकंदांची उसंत मिळे. मग पुढच्या आठ सेकंदांत त्याने कुणाचाही आधार न घेता रिंगणाच्या मधल्या रेघेपाशी येऊन उभं राहायचं. ती रेघ म्हणजे स्क्रॅच. नाही जमलं तर हार. आज हॉटेलच्या जेवणापासून कंत्राटदाराच्या कामापर्यंत कशालाही हे लावतात. भाव तोच, किमान रेघही गाठली नाही.

'कीपिंग अप विथ द जोन्सेस' सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे थोडक्यात. १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या 'ग्लोब' दैनिकात आर्थर मोमंड यांची याच नावाची चित्रमालिका सुरू झाली. शेजारच्या जोन्स कुटुंबाशी बरोबरी करता करता मॅकगिनिस कुटुंबाची दमछाक होते, आणि जोन्स मंडळी वाचकाला कधी दिसतच नाहीत. हा वाक्प्रचार फक्त राहणीमानाच्या चढाओढीला वापरावा. गणितात मागे असलेल्या मुलाबद्दल तो लिहिलेला मी वाचला आहे. तिथे जोन्सांचं काय काम?

त्या मुलासाठी 'कॅच अप' आहे. टायफॉइडमुळे महिनाभर घरी राहिलेली मुलगी शाळेत आली की आधी बुडालेले धडे भरून काढते, ते कॅच अप. मग वर्गाबरोबर चालत राहते, ते कीप अप. पहिलं झाल्याशिवाय दुसरं नाही, आणि दोन्हींच्या मागून 'विथ' घ्यायला विसरू नये.

अर्थविषयक पानांवर सारखा भेटणारा 'बिहाइंड द कर्व' यात वेगळा पडतो. कर्व म्हणजे आलेखावरची वक्ररेषा. महागाई वर चढत असताना व्याजदर वाढवायला उशीर करणारी मध्यवर्ती बँक बिहाइंड द कर्व. रिझर्व्ह बँकेने ४ मे २०२२ रोजी ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर रेपो दर ४ वरून ४.४० टक्क्यांवर नेला, तेव्हा टीकाकारांच्या तोंडी हेच शब्द होते. इथे जमिनीत रोवलेला खांब नाही की आखलेली रेघ नाही. रेषा स्वतःच सरकते, त्यामुळे मागे पडलो की नाही यावर वादाला भरपूर जागा. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी तो आरोप मान्य केला नाही.