बाळसे आणि वजनकाटा

'बाळसे धरणे' हा आपल्या भाषेतला कौतुकाचा शब्दप्रयोग. ज्या समाजाने दुष्काळ आणि बालमृत्यू पाहिले, त्याला भरल्या अंगाचे मूल ही जगण्याची हमी वाटणे स्वाभाविकच होते. त्यामुळे कुपोषण आणि लठ्ठपणा ही आपल्याला दोन विरुद्ध टोके वाटतात. एक गरिबाघरचे, दुसरे श्रीमंताघरचे. भारतातील संशोधन मात्र या समजुतीला छेद देते.

आधी आकडे पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये देशातील पाच वर्षांखालील २.१ टक्के मुलांचे वजन उंचीच्या मानाने जास्त होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ३.४ टक्के झाले. महाराष्ट्रात ते १.९ वरून ४.१ वर गेले. याच दुसऱ्या पाहणीत देशातील ३५.५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. ५ ते १९ वयोगटातील लठ्ठ मुलांची संख्या १९९० मध्ये सुमारे चार लाख होती. २०२२ मध्ये ती सव्वा कोटीवर गेली, असा अंदाज 'लॅन्सेट'ने २०२४ साली प्रसिद्ध केला. थोडक्यात, जुना प्रश्न सुटण्याआधीच नवा दारात उभा आहे.

हे दोन्ही एकत्र कसे नांदतात, याचा एक धागा पुण्याजवळच्या सहा खेड्यांत सापडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून तेथील स्त्रियांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. त्यांच्या नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे उंचीने, दंडाने, पोटाच्या घेराने लहान होती. पण खांद्याच्या फऱ्याखालची चरबी मोजली, तेव्हा तिथे फारशी तूट नव्हती. कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव. दिसायला कृश, घडणीने स्थूल असे हे मूल.

याचे स्पष्टीकरण असे दिले जाते : आईच्या पोटात अन्न तोकडे पडले, की गर्भ काटकसरीने वाढतो. अशा शरीराला पुढे साखर, तेल आणि मैदा मुबलक मिळाला, की चरबी झपाट्याने साठते. पुण्यातच आठ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली. जन्मतः हलकी पण पुढे वजनदार झालेल्या मुलांमध्ये शरीराने इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक होते. मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते.

म्हणूनच 'वजन वाढले' एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे. हडकुळ्या मुलाच्या हाती बिस्किटाचा पुडा दिला, तर काटा पुढे सरकतो. उंची आणि स्नायू मागेच राहतात. त्याला डाळ, अंडे, दूध, शेंगदाणे हवेत आणि खेळायला मोकळी जागा हवी. वजनासोबत उंचीही मोजायला हवी.

शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, साखर व मीठ असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला. तो आवश्यक आहे, पण पुरेसा नाही. कारण मूल शाळेत पोहोचते तेव्हा गोष्टीचा पूर्वार्ध संपलेला असतो. तो लिहिला जातो त्याच्या आईच्या ताटात, तीही मुलगी असताना. घरातल्या सर्वांचे जेवण झाल्यावर उरेल ते खाणाऱ्या मुलीच्या ताटाकडे पाहिल्याशिवाय तिच्या नातवंडांच्या लठ्ठपणाचे कोडे सुटणार नाही.