अंगठ्याची शस्त्रक्रिया आणि तिच्यानंतरचे दिवस

हाताला बोटे पाच असली, तरी कामाची मोठी भिस्त एकट्या अंगठ्यावर असते. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ सालचा जो कायदा होता, त्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईची शक्ती शेकडा ३० ने घटते, असे धरले होते. करंगळीबद्दल हाच आकडा ७ होता.

नवी मुंबईतील करावे हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे गावाभोवती शहर उभे राहिले. परंतु जाळ्याची गाठ मारणे, कोळंबी सोलणे, मासळी चिरणे ही कामे आजही चिमटीवाचून होत नाहीत. चिमटीत एक किलोचा दाब दिला, की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर सुमारे बारा किलोंचा भार पडतो. उतारवयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, या सांध्यातील कूर्चा झिजते आणि साधे झाकण फिरविणेही असह्य होते.

औषधे व आधारपट्टी यांनी गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. सांध्याखालील ट्रपीझियम नावाचे लहानसे हाड काढून टाकण्याची रीत जर्विस या इंग्रज शल्यविशारदाने १९४९ साली प्रसिद्ध केली. हाड काढल्यावर राहिलेली पोकळी हळूहळू व्रणतंतूंनी भरते. हे तंतू कोवळे असताना भार पडला तर ते ताणले जातात, आणि हालचाल फार लांबली तर ते आखडतात. पुढील सर्व पथ्याचे मर्म एवढेच आहे.

म्हणून पहिले चार ते सहा आठवडे अंगठा प्लास्टरात वा पट्टीत स्थिर ठेवावयाचा. हात मात्र उंच ठेवावा आणि उरलेली बोटे पहिल्या दिवसापासून हलवावीत. त्यानंतर अंगठ्याचे टोक प्रथम तर्जनीला, मग क्रमाने करंगळीपर्यंत टेकविण्याचा अभ्यास करावयाचा. जड ओझे व पिळण्याची कामे साधारणतः तीन महिने वर्ज्य होत; पूर्ण जोर येण्यास सहा महिने ते एक वर्षही लागते. सूज वाढली, आग होऊ लागली किंवा त्वचेचा रंग पालटला, तर मात्र विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे.

कामानेच हात सुधारावयाचा, हे व्यवसायोपचाराचे तत्त्व होय. त्याचे शिक्षण देणारी शाळा कमलाबाई निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू केली. या तत्त्वानुसार करावे येथील एखाद्या स्त्रीने तज्ज्ञाच्या सल्ल्याने आधी तांदूळ निवडावेत, मग मऊ कणीक मळावी, पुढे सुताची गाठ मारावी. विळी आणि पाटी यांची पाळी सर्वांत शेवटी.

येथे घरच्या माणसांची परीक्षा असते. दुखणे कमी झाले, की कामाची घाई होते. दुखेल या भीतीने हात निजवून ठेवला, तर तो ताठरतो. शस्त्रक्रिया तासा-दोन तासांत आटोपते. रोजगार परत मिळवून देतात ते त्यानंतरचे संयमाचे महिने.