घणाचा हिशेब कोण मांडणार?

मृग नक्षत्र निघण्यापूर्वीचे तीन-चार आठवडे परभणी जिल्ह्यातील कोणत्याही आठवडी बाजाराच्या कडेला एक दृश्य हमखास दिसते. जमिनीत पुरलेली लहानशी ऐरण, शेजारी खड्ड्यातील विस्तव, हाताने फिरवायचा पंखा, आणि भोवती वखराच्या पासा, कुऱ्हाडी, विळे, खुरपी पाजवून घेण्यासाठी खोळंबलेले शेतकरी. घिसाडी कुटुंबातील पुरुष सांडशीत तापलेले लोखंड धरून बसलेला असतो. त्याच्या उजव्या हातात छोटा हातोडा असतो. तो लोखंडावर ज्या ठिकाणी हलकेच टिचकी मारतो, नेमक्या त्याच ठिकाणी समोर उभी असलेली त्याची पत्नी डोक्यावरून फिरवून आणलेला घण घालते. टिचकी आणि घाव, टिचकी आणि घाव, असा हा क्रम दिवसभर चालतो. चार-पाच किलोंचा तो घण ती बाई दिवसातून किती वेळा उचलते, याची मोजदाद कोणत्याही कागदावर होत नाही.

या जोडीने आपसात जी श्रमविभागणी केली आहे तीच घडाई यंत्रांच्या दोन शतकांच्या इतिहासाची किल्ली आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये. एकाकडे बळ आहे, दुसऱ्याकडे नियंत्रण. घाव कुठे आणि किती जोराचा पडावा हे ठरविणारा वेगळा, आणि घाव घालणारा वेगळा. यंत्ररचनेतील जवळजवळ प्रत्येक मोठी सुधारणा या दोहोंची नव्याने सांगड घालण्यासाठी झालेली आहे. आणि सर्वसाधारण समजुतीच्या उलट, त्यातील अधिक अवघड भाग बळाचा नसून नियंत्रणाचा होता.

जेम्स नॅस्मिथ या स्कॉटिश अभियंत्याने १८३९ साली वाफेच्या घणाचे पहिले रेखाटन केले ते ‘ग्रेट ब्रिटन’ या जहाजाच्या चाकांसाठी लागणारा अवजड दांडा घडविता यावा म्हणून. तेवढा दांडा घडविणारा घण त्या काळी इंग्लंडात नव्हता. पुढे जहाजाला चाकांऐवजी मळसूत्री पंखा बसविण्याचे ठरले आणि दांड्याची गरजच उरली नाही. रेखाटन वहीतच राहिले. १८४२ मध्ये नॅस्मिथ फ्रान्समधील ल क्रूझो येथील कारखान्यात गेला तेव्हा आपलाच घण तेथे प्रत्यक्ष चालताना पाहून तो चकित झाला. त्याची वही पाहून गेलेल्या फ्रेंच मंडळींनी तो बांधूनही टाकला होता! मायदेशी परतताच त्याने पेटंटसाठी धावपळ केली, हे ओघाने आलेच. परंतु या घणाची खरी कीर्ती झाली ती त्याच्या अवजडपणामुळे नव्हे. पेल्यातील अंड्याचे केवळ कवच फुटावे आणि पेल्याला तडाही जाऊ नये, इतका हलका घाव त्याच घणाने घालून दाखविण्याचे प्रयोग लोक गर्दी करून पाहत. रॉबर्ट विल्सन याने त्या घणाची झडप सुधारली आणि घाव आपोआप, हव्या त्या जोराने पडू लागले. घिसाड्याच्या छोट्या हातोड्याचे काम झडपेकडे आले.

त्यानंतरची वाटचाल थोडक्यात सांगता येते. ल क्रूझोनेच १८७७ मध्ये १०० टनी घण उभारला. परंतु घण जितका मोठा, तितकी त्याखालची ऐरण आणि पाया मोठा. घणाच्या वजनाच्या पंधरा ते वीसपट ऐरण नसेल तर घावातील शक्ती लोखंडात न मुरता जमिनीत जाते, आसपासच्या भिंती हादरतात, आणि लोखंड मात्र जेथल्या तेथे राहते. यावर पहिला तोडगा निघाला तो ऐरण हलविण्याचा: खालचा आणि वरचा असे दोन घण एकमेकांवर चालून येतात, आघात परस्परांत जिरतो आणि पायावरचा भार पुष्कळच कमी होतो. दुसरा तोडगा आघाताऐवजी दाब वापरण्याचा. जोसेफ ब्रामा याने १७९५ मध्ये पेटंट घेतलेल्या जलदाबयंत्राचे तत्त्व पुढे लोखंडाच्या घडाईत आले. घणाचा घाव लोखंडाच्या पृष्ठभागाजवळ अधिक काम करतो, तर दाब सावकाश गाभ्यापर्यंत पोहोचतो. म्हणून जहाजांचे व वीजनिर्मिती यंत्रांचे अजस्र दांडे दाबयंत्रांवर घडू लागले. विसाव्या शतकात मोटारउद्योगाने साच्यात घडाई करणाऱ्या यांत्रिक दाबयंत्रांना मागणी निर्माण केली. विजेवर भट्टीविना लोखंड तापविण्याची सोय झाली, आणि अलीकडे घावाची गती व दाब संगणकाने क्षणोक्षणी बदलता येतो.

ही सारी वाटचाल महाराष्ट्राला अपरिचित नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्ज या कारखान्याने घणांच्या जमान्यातून स्वयंचलित दाबयंत्रांच्या जमान्यात उडी घेतली, आणि १६ हजार टन दाबाच्या यंत्रावर मोटारींचे भुजादंड घडवून ते परदेशी धाडले. ज्या देशाची घडाई एकेकाळी हलकी समजली जात असे, त्या देशातील कारखान्याने पुढे जर्मनीतील कारखाने विकत घ्यावेत, ही गोष्ट अभिमानाचीच होय. मराठवाड्यातही वाळूजच्या परिसरात वाहनउद्योग आला आणि त्यामागोमाग सुट्या भागांचे कारखाने आले.

परंतु १६ हजार टनांचे यंत्र आणि पाच किलोंचा घण यांच्यामध्ये जी शिडी असावयास हवी, तिच्या मधल्या पायऱ्या कोठे आहेत? परभणी जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर त्या जवळजवळ नाहीतच. वस्तुतः यंत्र अस्तित्वात नाही असे नव्हे. पन्नास किलोंच्या आसपासचा कमानी घण पंजाबात आणि गुजरातेत लहान लहान कारखान्यांतून वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्याची रचना साधी आहे: दोन-तीन अश्वशक्तीची मोटार, तिच्यावर पट्ट्याने फिरणारे जड चाक, चाकाला जोडलेली पोलादी पाट्यांची कमान, आणि कमानीच्या टोकाला घण. पायदळी जितकी दाबावी तितका पट्टा आवळला जातो आणि तितका घाव जोराचा पडतो. जड चाकाचे काम जात्याच्या वरच्या तळीसारखे असते; ते मोटारीची शक्ती साठवून ठेवते आणि घावाच्या क्षणी एकदम देते. म्हणूनच एवढी लहान मोटार एवढ्या मोठ्या घणाला पुरते. ज्या कामाला दोन माणसे लागत, ते एक माणूस बसल्या जागी करू शकतो, आणि लोखंड निवण्यापूर्वी अनेक घाव पडत असल्याने ते पुन्हा पुन्हा तापवावे लागत नाही. कोळशाचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याला या दुसऱ्या लाभाचे मोल सांगावे लागू नये.

मग अडले कोठे? काही अडचणी खास या मातीतल्या आहेत. गोदावरी आणि पूर्णा यांच्या काठची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात-हात भेगाळते. अशा जमिनीवर घणाचा पाया घातला तर दोन वर्षांत ऐरण कलते, घण तिरपा पडू लागतो आणि मार्गदर्शक पट्ट्या झिजतात. पाया मुरमापर्यंत नेणे, अथवा ऐरणीखाली रबराची वा स्प्रिंगची बैठक देणे, हा त्यावरचा उपाय. पंजाबच्या गाळाच्या जमिनीवर काम देणारे यंत्र येथे जसेच्या तसे चालणार नाही. दुसरी अडचण विजेची. खेड्यात तीन फेजची वीज शेतीपंपांबरोबर ठरावीक तासच येते आणि ते तासही बदलत राहतात. तेव्हा एका फेजवर चालणारी मोटार आणि तिला साजेसे अधिक जड चाक, अशी रचना करून घ्यावी लागेल. यात अशक्य असे काहीच नाही. पण कोणीतरी ते काम आपले मानले पाहिजे. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याच्या अंगणात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालय आहे, आणि बैलचलित अवजारांवर तेथे दीर्घकाळ संशोधनही झाले आहे. मात्र अवजारांचे आराखडे तयार झाले तितके ती अवजारे घडविणाऱ्याच्या ऐरणीकडे लक्ष गेले नाही, हे कबूल करावे लागेल.

याहून मोलाचा प्रश्न मागणीचा. ट्रॅक्टर आला आणि लोहार संपला, असे सर्रास म्हटले जाते. हे अर्धसत्य आहे. ट्रॅक्टरने लाकडी वखराची पास कमी केली हे खरे. पण कल्टिव्हेटरचे फण, सोयाबीन व कापसातल्या कोळप्यांची पाती, ऊसतोडीचे कोयते, विळे, कुदळी यांची मागणी काही कमी झालेली नाही. काळ्या जमिनीत लोखंड झिजते आणि ते दरसाल बदलावे लागते. ही बदलाची अवजारे आज जिल्ह्याबाहेरून, बहुतांशी राज्याबाहेरून येतात. त्यांतील सर्वच येथे घडतील असा दावा कोणी करू नये. रोटाव्हेटरला बसणारी तीन-चार डझन पाती एकसारख्या वजनाची आणि एकसारख्या कठीणपणाची असावी लागतात. ते काम साच्याच्या दाबयंत्राचे आणि मोजून तापविणाऱ्या भट्टीचे आहे, कमानी घणाचे नव्हे. पण फण, कोळप्याची पाती, कोयते आणि कुऱ्हाडी यांना तो घण पुरेसा आहे, आणि कच्चा माल तर दारातच आहे. मालमोटारींचे मोडके पाटे म्हणजे उत्तम दर्जाचे पोलाद होय. गावचा कारागीर ते वापरतोही. फक्त अनेकदा सवयीने त्याला पाण्यात बुडवून ‘पाणी देतो’ आणि पाते तडकते. हे पोलाद तेलात निववावे लागते व नंतर पुन्हा मंद तापवावे लागते. एवढी एक गोष्ट दोन दिवसांच्या शिबिरात शिकविता येईल.

आता भांडवलाचा मुद्दा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यांत लोहार आहे. अवजारपेटीसाठी १५ हजार रुपये, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये, आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची मांडणी आहे. योजना चांगली आहे. पण १५ हजारांत हातोडे, सांडशी, फार तर विजेचा पंखा येईल, यांत्रिक घण येणार नाही. राहिले कर्ज. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीने करावयाची. जे घिसाडी कुटुंब वर्षातले काही महिने एका तालुक्यात आणि काही दुसऱ्यात काढते, त्याची पडताळणी कोणत्या ग्रामपंचायतीने करावी? भटक्या जमातींच्या यादीत नाव असणे आणि गावच्या नमुना आठमध्ये घर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

तथापि, कागदपत्रे उद्या मिळाली तरी एक अडचण उरतेच, आणि ती अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. यंत्र घेणे परवडते की नाही हे ठरविताना बँक वाचलेल्या मजुरीचा हिशेब करते. पण घण घालणाऱ्या बाईला मजुरी मिळतच नाही. ती कारागिराची पत्नी आहे, कधी सून, कधी मुलगी. तिच्या श्रमाची किंमत वहीत शून्य, म्हणून यंत्राने वाचविलेल्या श्रमाची किंमतही शून्य! कर्जाचा हप्ता मात्र खरा आणि रोकडा. अशा हिशेबात यंत्र कधीच परवडणार नाही. आणि तिचा खांदा, तिची कंबर, गरोदरपणातही न सुटणारा घण, यांची किंमत कोणत्याच रकान्यात पडणार नाही. भांडवल महाग आणि श्रम स्वस्त असलेल्या देशात श्रमप्रधान तंत्रच योग्य, हा सिद्धान्त विद्यार्थ्यांना शिकविला जातो. श्रम स्वस्त आहेत की केवळ अमोजलेले आहेत, हा प्रश्न त्या सिद्धान्ताला क्वचितच विचारला जातो.

यावर तोडगा शोधताना फार दूर जाण्याचे कारण नाही. पहाटे उठून दोन बायांनी जाते ओढणे हेही असेच बिनमोलाचे काम होते. कोणत्याही बाईला बँकेने पिठाच्या गिरणीसाठी कर्ज दिले नाही आणि कोणी तिच्याकडून परवडण्याचा दाखलाही मागितला नाही. गावात गिरणी आली, पायलीमागे दळणावळ ठरली, आणि जाते कोपऱ्यात गेले. लोखंडाचीही गिरणी निघू शकते. सेलू, जिंतूर, मानवत, गंगाखेड, पूर्णा अशा बाजाराच्या गावी एकेक यांत्रिक घण, शेजारी भट्टी आणि तेलाची टाकी, पाया मुरमापर्यंत गेलेला, आणि कारागिराने आपले लोखंड घेऊन यावे, तासाचे भाडे द्यावे, माल घडवून न्यावा. लहान उद्योगांच्या समूहविकासासाठी सामायिक सुविधा केंद्रांना केंद्र सरकारचे अनुदान पूर्वीपासून आहे. त्याचा लाभ आजवर बहुतांशी शहराजवळच्या वसाहतींनी घेतला. ज्याला यंत्र विकत घ्यावयाचे नाही, केवळ वापरावयाचे आहे, त्याला घराचा उतारा विचारण्याचे कारण राहत नाही. फिरत्या कुटुंबालाही त्या-त्या गावच्या बाजारी ते वापरता येईल.

यात धोका नाही असे नाही. भाड्याचे यंत्र एखाद्या व्यापाऱ्याच्या हाती गेले तर कारागीर त्याचाच रोजंदार होईल. गूळ आणि कापूस यांच्या बाबतीत जिल्ह्याने ते पुरेसे पाहिले आहे. म्हणून केंद्राची मालकी कारागिरांच्या संस्थेकडे असावी, आणि त्या संस्थेच्या सभासदांत आजवर घण घालत आलेल्या बायांची नावे त्यांच्या नवऱ्यांच्या नावांखाली नव्हे तर स्वतंत्र लिहिली जावीत. पायदळी दाबण्यास बळ लागत नाही. घाव कुठे पडावा हे त्या बायांना टिचकीच्या आवाजावरून वर्षानुवर्षे कळत आलेले आहे.