पाणी घालणे सोपे, काढणे अवघड

परतीच्या पावसाने घाटमाथ्यावरून अखेर काढता पाय घेतल्याचे वर्तमान वाचकांस ठाऊक आहेच. परंतु इगतपुरी व पेठ यांच्याप्रमाणेच नाशिक जिल्ह्यात अतिवृष्टीचा म्हणून गणला जाणारा सुरगाणा तालुका आता दिवाळीच्या साफसफाईस लागला असता, चार महिन्यांची ओल पोटात घेऊन बसलेल्या कापडी सोफ्याची दखल फारशी कोणी घेत नाही. सुरगाणे संस्थान 1948 साली विलीन झाले त्या काळापर्यंत मराठी घरातील बैठक म्हणजे गाद्या, लोड व तक्के. त्यांच्या खोळी उतरवून कापूस उन्हात टाकता येई, पिंजाऱ्याकडून पुन्हा पिंजून घेता येई. सोफ्यातील फोम मात्र बहुधा शिवून बंदिस्त केलेला असतो, आणि त्यात मुरलेले पाणी वरच्या कापडावर हात फिरवून कळत नाही.

या ओलीचा संबंध केवळ वासाशी नाही. घरातील धुळीने उद्भवणाऱ्या दम्याच्या मुळाशी त्या धुळीतील सूक्ष्म माइट असतो, हे 1964 च्या सुमारास नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट व स्पीक्स्मा या संशोधकांनी दाखवून दिले. हा जीव पाणी पीत नाही. हवेतील बाष्पच शरीरात ओढून घेतो, आणि म्हणूनच सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ पन्नास टक्क्यांखाली राहिली की तो सुकून मरतो. कोरडी हवा हेच येथे खरे औषध आहे, आणि सुरगाण्यात ती ऑक्टोबरपूर्वी लाभणे दुरापास्त! भर श्रावणात सोफा धुवायला काढणे मला सर्वथा अनुचित वाटते.

प्रथम गाद्या काढून, सांदीकोपऱ्यांतील धूळ व्हॅक्यूमने ओढून घ्यावी, कारण धुळीवर पाणी पडले की तिचा चिखल होऊन तो धाग्यांत बसतो. कापडावर चिठ्ठी असल्यास ती पाहावी: ‘डब्ल्यू’ म्हणजे पाणी चालेल, ‘एस’ म्हणजे केवळ द्रावक, ‘एक्स’ म्हणजे नुसते व्हॅक्यूम. गावच्या कारागिराने केलेल्या सोफ्यावर चिठ्ठी नसेल, तर मागच्या अदृश्य कोपऱ्यात रंग सुटतो का ते आधी अजमावावे. नंतर कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब घुसळून, पाणी बाजूला ठेवून, केवळ फेस मऊ ब्रशने लावावा. स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या पांढऱ्या फडक्याने तो पुसून घ्यावा, आणि कोरडा टॉवेल अंगच्या भाराने दाबून जितकी ओल निघेल तितकी काढावी. दूध वा रक्त यांच्या डागांस गरम पाणी वर्ज्य. उष्णतेने त्यातील प्रथिने धाग्यास चिकटतात.

पाणी अधिक झाले, तर फोममधील मळ वाळताना केशाकर्षणाने वर चढतो आणि पुसलेला डाग दुसऱ्या दिवशी तपकिरी कडेसह पुनश्च प्रकट होतो. मोबाइलवरून घरोघर फिरणाऱ्या ‘व्हिनेगर आणि सोडा’ या जोडीवरही माझा विश्वास नाही: अम्ल व अल्क परस्परांस निष्प्रभ करतात, बुडबुडे विरतात आणि सोडियम अ‍ॅसिटेटचे खारे पाणी मागे उरते. कोरडा सोडा रात्रभर पसरून सकाळी ओढून घेतला, तर दुर्गंधी मात्र खरोखर कमी होते.

वाळवण्यासाठी गाद्या कडेवर उभ्या कराव्यात, समोर पंखा लावावा, खिडक्या उघडाव्यात. प्रखर उन्हाने रंग उडतो, म्हणून सावलीतील वारा बरा. एक-दोन दिवसांत फोम आतपर्यंत न सुकल्यास बुरशीचे भय असते. पूर्ण वाळल्यावरही कुबट वास राहिला, तर शिवण उसवून फोमच बदलून घ्यावा. कापड तसेच वापरता येते.