शेवटची दहा मिनिटं

घरी खवा करायचा तर दूध म्हशीचंच घ्यावं. गाईच्या दुधाचा खवा पिवळसर आणि चिकट होतो, वड्या धड पडत नाहीत. पिशवीचं घ्यायचं झालं तर फुल क्रीम. त्यात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के बाकीचा ऐवज, म्हणजे लिटरमागे १५० ग्रॅम. अंगची ओल धरून खवा २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. हा हिशोब मांडला की बाजारातला फार स्वस्त खवा कशाचा असेल, ही शंका येतेच.

कढई पसरट, जाड बुडाची हवी. ‘मंद आचेवर आटवा’ हा सल्ला मला अर्धाच पटतो. दूध विस्तवावर जितकं रेंगाळतं तितका खव्याला तांबूसपणा चढतो. साताऱ्याच्या कंदी पेढ्याला तो खमंग रंग शोभतो, पांढऱ्या बर्फीला नाही. म्हणून तर हलवाई मोठ्या जाळावर एका वेळी थोडंच दूध घेतो आणि हात थांबू देत नाही. मीही सुरुवातीला आच मोठीच ठेवते. उलथनं तळाशी फिरवायचं, कडेची साय खरवडून आत ढकलायची. या वेळात गप्पा मारता येतात.

बासुंदीइतकं दाट झालं की गप्पा बंद आणि आच बारीक. आता खळखळ थांबून रटरट सुरू होते, जड बुडबुडे फुटतात आणि मनगटावर चटके बसतात. उलथनं फिरलं की मागे कढईचा तळ दिसतो आणि लगेच बुजतो. मग तो बुजेनासा होतो. मिश्रण कडा सोडून गोळा होऊ लागतं, अंगावर तुपाची चमक येते. इथेच गॅस बंद करायचा, गोळा थोडा सैल वाटला तरी. उरलेलं काम कढईची धग करते. आणखी परतत बसलं की तूप सुटतं आणि गार झाल्यावर खवा कोरडा भुसभुशीत होतो.

पूर्ण निवेपर्यंत झाकू नये. झाकणाला धरलेली वाफ खव्यावर टपकली की बुरशी आलीच. गुलाबजामला हा मऊ खवा तसाच चालतो. साटोऱ्या करायच्या असतील तर मात्र पुन्हा परतून कोरडा करावा लागतो, नाहीतर लाटताना पारी फाटते.